आप्पांची आवक-जावक

शाळेत कॉम्प्युटर शिकवणाऱ्या माणसाला कॉम्प्युटर शिकवायला फारसा वेळ मिळत नाही. त्याचा निम्मा दिवस "सर, जरा येता काय?" यातच जातो. प्रिंटर अडला, या. प्रोजेक्टरवर चित्र उलटं दिसतंय, या. आणि गेल्या काही वर्षांत सगळ्यात जास्त वेळा आलेली हाक म्हणजे, "सर, मेल होती हो, आत्ता नाही!"

सुरुवातीला मी वैतागायचो. मी मुळात तापट माणूस. पण हळूहळू लक्षात आलं की हरवलेली मेल शोधायला गेलं की मेल सापडते किंवा सापडत नाही, गोष्ट मात्र हमखास सापडते. मेलच्या कचरापेटीतलं महिन्याभरानं आपोआप पुसलं जातं. माझ्या डोक्याला तशी सोय नसल्यामुळं हे सगळं साठत गेलंय.

आमची शाळा सीमाभागात, शहापुरात आहे, मराठी माध्यमाची. मागच्या गल्लीत अजून दोन-तीन घरांत माग चालतात, त्यामुळं आमचे तास खटखटीच्या तालावर होतात. स्टाफ लहान, सगळे एकमेकांना पंधरा-वीस वर्षं ओळखणारे. इथले बहुतेक किस्से हसण्यावारी न्यायचे आहेत. एका किश्श्यात मात्र एका मुलीची नोकरी अडकली होती, आणि तिच्या बापाचा जीव. तो येईल ओघात.

*

शाळेचा मेल आयडी एकच आणि पासवर्ड तिघांकडं: मुख्याध्यापिका बाई, आमचे क्लार्क परशराम आप्पा आणि मी. एका वर्षी खात्याकडून आलेली परिपत्रकं गायब व्हायला लागली. बाईंनी सकाळी डोळ्यांनी बघितलेली मेल दुपारी नाही. बाईंची खात्री पटली की आपल्याला कुणीतरी हॅक केलंय. आमच्या शाळेला हॅक करून कुणाला काय मिळणार, हे मी विचारलं नाही. निमूटपणे पासवर्ड बदलला आणि दोघांना सांगितला. मेल गायबच. पुन्हा बदलला. तरी गायब.

शेवटी एके दिवशी मी ऑफिसात जाऊन आप्पांच्या खुर्चीमागं उभा राहिलो. आप्पांनी मेल उघडली. तिची प्रिंट काढली. कागदावर 'आवक'चा शिक्का मारला, रजिस्टरला नंबर चढवला, कागदाला भोकं पाडून तो फायलीत ओवला आणि नाडी बांधली. मग परत कॉम्प्युटरपाशी येऊन, चष्मा सारखा करून, ती मेल पुसून टाकली. एवढ्यावर न थांबता कचरापेटीत जाऊन तिथूनही पुसली.

"आप्पा, पुसली कशाला?"

"फायलीला लागली की, सर. टपाल फायलीला लागल्यावर रिकामं पाकीट कोन ठेवतंय?"

मी त्यांना पंधरा मिनिटं लेक्चर दिलं. मेल म्हणजे पाकीट नव्हे, तेच मूळ पत्र, सर्च करता येतं, वगैरे. आप्पांनी मान हलवत सगळं ऐकून घेतलं. तेवढ्यात बाईंनी दोन वर्षांपूर्वीचं एक परिपत्रक मागवलं. मी सर्चमध्ये तीन वेगवेगळे शब्द घालून बघेपर्यंत आप्पांनी कपाटातून फाईल काढून, पान उघडून, नंबर सांगून बाईंच्या टेबलावर ठेवली होती. मी लेक्चर तिथंच थांबवलं.

*

त्यानंतर बाईंच्या स्वतःच्या फोनमधल्या मेल जायला लागल्या. इथं आप्पांवर संशय घ्यायला जागा नव्हती, कारण तो आयडी बाईंचा खाजगी. मी सेटिंग तपासली, काही सापडलं नाही. मेल पुसल्या गेल्या नव्हत्या, इनबॉक्समधून निघून आतल्या कप्प्यात जाऊन पडल्या होत्या.

बाई स्वच्छतेच्या बाबतीत फार कडक. मुलांची नखं तपासणार, खिडकीच्या गजांवरून बोट फिरवून बघणार. मी समोर बसलो असताना त्यांनी मेल वाचल्या आणि फोन तसाच उघडा ठेवून पदरानं काच पुसली. आधी आडवी, मग उभी, मग पुन्हा आडवी. पातळ सुती पदर, त्याच्या आड बाईंचं बोट. प्रत्येक आडव्या फटकाऱ्यानं एकेक मेल बाजूला सरकत होती. त्या दिवशी माझ्यासमोर चार गेल्या.

मी सांगितलं, बाई, आधी फोन बंद करा, मग पुसा.

"तीस वर्षं फळा पुसला, सर," त्या म्हणाल्या. "अक्षरं कुठं गेली म्हणून कधी कुणी विचारलं नाही."

*

आता आप्पांच्या मुलीबद्दल सांगायला हवं. आप्पा जांबोटीचे. सोमवार ते शनिवार शहापुरात एका खोलीत राहायचं आणि शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटली की बस धरून गावी जायचं, असा त्यांचा वर्षानुवर्षांचा क्रम. त्यांची एकुलती एक मुलगी सुषमा दहावीपर्यंत त्यांच्याजवळ राहून आमच्याच शाळेत शिकली. माझी विद्यार्थिनी. पुढं कॉलेज करून तिनं लायब्ररी सायन्स केलं, चांगल्या मार्कांनी. दीड वर्ष झालं, ती गावी आईजवळ होती आणि मिळेल त्या कॉलेजात ग्रंथपालाच्या जागेसाठी अर्ज करत होती.

तिचा मेल आयडी मीच काढून दिला होता, दहावीत. तेव्हा तिच्याकडं फोन नव्हता, म्हणून आप्पांच्या फोनवर. तिनं पुढं स्वतःचा फोन घेतला, पण ते तसंच राहिलं. ओटीपी अजून आप्पांच्या नंबरावर यायचा आणि तिची प्रत्येक मेल दोघांच्याही फोनवर दिसायची. आमच्याकडं घरटी एक आयडी असणं काही नवीन नाही, त्यामुळं कुणाला त्यात वावगं वाटलं नाही.

पहिली तीन उत्तरं आली, तिन्ही नकाराची. तिसऱ्या वेळी सुषमा दोन दिवस जेवली नाही आणि मग आप्पांना म्हणाली, आता अजून एक नकार आला की अर्ज करणं बंद. "मी आपली म्हशी बघते. म्हशी काय नकार देत न्हाईत." हे आप्पांनी मला डबा खाताना सांगितलं. सांगून झाल्यावर त्यांनी अर्धी भाकरी तशीच गुंडाळून ठेवली.

*

त्याच पावसाळ्यात जांबोटीचा टॉवर बंद पडला. तिकडचा पाऊस म्हणजे आठवडाभर सूर्य दिसत नाही, तर टॉवरचं काय. सुषमानं एका अर्जासोबतचे दाखले मेलनं पाठवले होते आणि ते पोचलेच नव्हते. शेवटची तारीख दुसऱ्या दिवशी. गावातल्या दुकानाच्या लँडलाइनवरून तिनं आप्पांना कळवलं. मी म्हटलं, मेल हरवलेली नाही, तिच्या फोनमध्येच अडकून बसली आहे, रेंज मिळाली की आपोआप जाईल.

"म्हंजे फोनला रेंजीत आणलं की झालं?" आप्पांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं फोन आला. एकटाच. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून, त्यावर फडकं बांधून, कंडक्टरच्या हवाली. आमच्या भागात बसनं काय येत नाही? औषधं येतात, लोणची येतात, लग्नाच्या पत्रिका येतात. आप्पा आणि मी स्टँडवर घ्यायला गेलो. कंडक्टरनं पिशवी आप्पांच्या हातात दिली आणि अगदी जबाबदारीनं रिपोर्ट केला.

"किणयेच्या पुढं आल्यावर टुंग करून वाजला बघा. तुमचं टपाल तितंच उतरलं."

मी उघडून बघितलं. मेल गेली होती. संध्याकाळच्या बसनं फोन परत गावी गेला, पिशवीत आप्पांनी खारी बिस्किटं घातली होती.

*

हिरेमठ सर आमच्याकडं कन्नड शिकवतात. मराठी आमच्यापेक्षा गोड बोलतात. एकदा वेळापत्रकावरून त्यांचं आणि बाईंचं वाजलं. त्यांचा तास जेवणाच्या सुट्टीनंतर ठेवलेला, पोरं झोपतात, हे सरांचं म्हणणं. बाई ऐकेनात. त्याच दिवशी बाईंची एक मेल आली, सरांनी रागाच्या भरात फोनवर दिसेल ते बटण दाबलं आणि विसरून गेले.

दोन महिने दोघांत मोजकंच बोलणं. बाई मला म्हणायच्या, सरांनी उत्तर देणंच सोडलंय. सर म्हणायचे, बाईंनी मला कळवणंच सोडलंय. दोघंही सभ्य, त्यामुळं समोरासमोर कुणी विचारलं नाही. एकदा सरांच्या फोनवर मी दुसरंच काही बघत होतो आणि स्पॅमचा कप्पा उघडला. बाईंच्या अकरा मेल ओळीनं तिथं बसल्या होत्या. दुसरीत बाईंनी तुमचं बरोबर होतं असं कबूल केलं होतं, सातवीत सरांच्या आईच्या आजाराची चौकशी होती, आणि शेवटचीत फक्त एवढंच की, सर, माझं काही चुकलं का?

सर लॅबमध्ये बसून सगळ्या वाचत गेले. "इरली," एवढंच पुटपुटले, म्हणजे असू दे. दुसऱ्या दिवशी सकाळी ते बाईंच्या केबिनमध्ये गेले, खुर्ची ओढून बसले आणि अकराच्या अकरा मेलची उत्तरं तोंडी दिली, नंबरवार. सातव्या नंबरला दोघंही रडले, असं आप्पा सांगतात. आप्पा सही घ्यायला दारात उभे होते.

*

दिवाळीनंतर सुषमाचा मला फोन आला. सात ठिकाणी अर्ज करून झाले होते आणि त्या तिसऱ्या नकारानंतर कुणाचंच उत्तर नव्हतं. होकार सोडा, नकारही नाही. "मेल हरवायल्यात काय, जरा बघा की सर," ती म्हणाली. मी तिला नेहमीचं सांगितलं: स्पॅम बघ, कचरापेटी बघ. तिथं काही नव्हतं. म्हटलं, आयडी आप्पांच्या फोनवरही आहे, मी तो तपासतो.

दुपारी मी आप्पांकडं फोन मागितला. कशाला ते सांगितलं. आप्पांनी फोन दिला नाही. ते उठले, कपाट उघडलं आणि सगळ्यात खालच्या कप्प्यातून एक पातळशी फाईल काढून माझ्यासमोर ठेवली. आत चार कागद. चार कॉलेजांची नकाराची पत्रं, तारीखवार लावलेली. फायलीवर आप्पांच्या ठसठशीत अक्षरात एकच शब्द होता: प्रलंबित.

"कागद माझे हायत, सर. शाळंचे न्हाईत," आप्पा आधी हे बोलले.

मेल त्यांनी पुसल्या नव्हत्या. फोनमध्येही त्याच नावाचा एक कप्पा करून, गावात रेंज मिळून सुषमा बघायच्या आत, त्यात हलवल्या होत्या. मी भडकलो. मुलगी चोवीस वर्षांची आहे, तिची पत्रं आहेत, तिच्यापासून लपवायचा तुम्हाला काय अधिकार, असं बरंच बोललो. आवाजही चढला असणार, कारण बाहेरची पोरं थांबून बघायला लागली.

"लपवलं न्हाई. प्रलंबित ठेवलंय," आप्पा म्हणाले. "अजून एक नकार आला की थांबनार म्हनली हुती. म्हनून म्या तो एक काय येऊ दिला न्हाई. चांगलं उत्तर आलं की सगळे एकदम दावतो."

माझा राग कुठं गेला मला कळलं नाही. मी फाईल बंद करून त्यांच्या हातात दिली. कुणाला सांगणार नाही असं वचन दिलं आणि संध्याकाळी सुषमाला फोन करून सांगितलं की हल्ली कॉलेजं उत्तरंच पाठवत नाहीत, तू अर्ज करत राहा. जिला मी वर्गात खोटं बोलू नका म्हणून सांगितलं होतं, तिच्याशीच खोटं बोललो. त्याचं मला फार वाईट वाटलं.

*

भाताची मळणी झाल्यावर एका रविवारी आप्पांनी आम्हा सगळ्यांना गावी जेवायला बोलावलं. नवीन तांदळाचा भात, सोबत कुळथाचं पिठलं. हिरेमठ सर तीनदा वाढून घेऊन अंगणात आडवे झाले. मला घरी एक फोन करायचा होता. जांबोटीत टॉवर सुरू झाला होता, पण आप्पांच्या घराशी रेंज नाही, ती मारुतीच्या देवळाच्या पायरीवर मिळते. सुषमा मला तिथं घेऊन गेली.

माझं बोलणं चालू असताना तिचा फोन वाजला. तिनं मेल उघडली, वाचली. चेहऱ्यावरून कळत होतं काय असेल ते. मग तिनं दोन बटणं दाबली आणि फोन ओढणीत ठेवून दिला. मी विचारलं, काय केलंस?

"परत न वाचलेली करून ठेवली, सर."

मला क्षणभर समजेना. तिनं समजावून सांगितलं, मी तिला दहावीत सांगायचो तसं, सावकाश. मेल ठळक अक्षरात दिसली की आप्पांना वाटतं, पोरीनं अजून बघितली नाही. उद्या शाळेत गेल्यावर रेंजमध्ये आले की ते ती उचलून कप्प्यात टाकतील. तिनं आधीच बघितलंय असं कळलं, तर त्यांना काय वाटेल?

तो कप्पा तिला मी फोन केला त्याच संध्याकाळी सापडला होता. मला खोटं बोलता येत नाही, हे तिला शाळेपासून माहीत होतं म्हणे. म्हणून तिनं सगळे कप्पे उघडून बघितले. मी विचारलं, अजून एक नकार आला की थांबणार होतीस ना? मग चार बघूनही, आणि हा पाचवा बघूनही, अर्ज करतेसच की.

ती पायरीवरचं गवत उपटत बसली होती. "आप्पा एकेक फायलीला लावायल्यात, सर," ती म्हणाली. "आनि मी थांबू व्हय?"

तिनंही माझ्याकडून वचन घेतलं. त्यामुळं बापाचं, लेकीला आधीच कळलेलं, आणि लेकीचं, बापाला न कळलेलं, अशी दोन गुपितं घेऊन मी जेवणावळीला परत आलो. आप्पांनी मला ताक वाढलं आणि रेंज मिळाली का म्हणून विचारलं.

*

जानेवारीत निपाणीच्या एका कॉलेजनं तिला मुलाखतीला बोलावलं. आप्पा रजा टाकून बरोबर गेले. त्यानंतर तीन आठवडे काहीच नाही. आप्पा दिवसातून दहा वेळा फोन बघायचे. मी रोज विचारायचो नाही, पण त्यांच्या चालण्यावरून मला कळायचं.

एका बुधवारी, जेवणाच्या सुट्टीनंतर, माझा आठवीचा तास चालू असताना आप्पा लॅबच्या दारात येऊन उभे राहिले. चालू तासात आप्पा कधी येत नाहीत. दोन्ही हातांत फोन धरलेला. निपाणीची मेल होती, सकाळी नऊच्या सुमारास आलेली, ठळक अक्षरात, न उघडलेली.

"तुमी उघडा, सर. माज्या हातानं पाच नकार उघडल्यात."

मी उघडली. एका दमात वाचली, मग पहिल्यापासून मोठ्यानं वाचली. निवड झाली होती. एक तारखेला रुजू व्हायचं होतं. तीस वर्षं इंग्रजी पत्रं फायलीला लावणारा माणूस, पण त्यांनी मला ती मेल तीनदा वाचायला लावली आणि मग मुलांच्या बाकावर बसून, उपरण्यात तोंड घालून रडले. आठवीच्या पोरांना काही कळलं नाही, तरी त्यांनी टाळ्या वाजवल्या.

बाई आल्या, हिरेमठ सर आले. आप्पांनी पिशवीतला स्वतःचा कोरा कागद काढून प्रिंटरला लावला. शाळेचं टपाल नाही म्हणून ते शिक्का मारेनात, तेव्हा बाईंनी शाई लावून स्वतः शिक्का मारला. मी म्हटलं, आप्पा, आधी सुषमाला फोन लावा.

"फोनवर न्हाई. म्या सोता जाऊन सांगनार," आप्पा म्हणाले, आणि त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा आठवड्याच्या मधल्या वारी गावी जायची परवानगी मागितली. हिरेमठ सरांनी त्यांना स्कूटरवर घेतलं, वाटेत मिठाईच्या दुकानातून कुंद्याचा पुडा बांधून घेतला आणि चारच्या बसमध्ये खिडकीपाशी बसवून दिलं.

मला मात्र राहवेना. साडेचारला मी सुषमाला फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला, म्हणजे ती देवळाच्या पायरीवरच होती.

"सुषमा, मेल बघितलीस?"

पलीकडून म्हशींच्या गळ्यातल्या घंटा ऐकू येत होत्या.

"सर," तिनं विचारलं, "आप्पा कुठल्या बसला बसले?"

"चारच्या."

"मग साडेपाचला येतील," ती म्हणाली. "सकाळपास्नं आईलाबी सांगितलं न्हाई मी."